सगळी पत्रं बुधवारची

आमच्या घरी ई-मेल आलं तेव्हा सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, यात जावक कुठे असते? मला काही कळेना. मग त्यांनीच समजावून सांगितलं, की मुलीची आलेली पत्रं म्हणजे आवक, ती पडद्यावर दिसतायत. पण आपण पाठवलेली कुठे गेली? त्यांची अख्खी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली होती. कागद आला की त्यावर त्या दिवसाचा शिक्का मारायचा, गेला की त्याची प्रत ठेवायची. शिक्का सोमवारचा असेल तर कागद सोमवारी आला, विषय संपला. मग पाठवणाऱ्याने तो कधी का लिहिलेला असेना. मी त्यांना पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर उघडून दाखवला आणि म्हटलं, ही घ्या तुमची जावक. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

आम्ही नेरूळला राहायचो. लग्नाआधी मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, त्यामुळे हॉलमधल्या त्या मशीनचा ताबा माझ्याकडे होता. नवरा तळोज्याच्या केमिकल कारखान्यात, सकाळी बसने जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. नणंद लग्न होऊन मस्कतला गेलेली. सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेल्या होत्या. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. मी पहिल्यापासून तापट, माहेरी मला फटाकडी म्हणायचे. आणि बाबा म्हणजे एक काम तीनदा तपासल्याशिवाय हलणार नाहीत असे. आमचं दिवसातून एकदा तरी वाजायचं. पण रविवारी सकाळी आम्ही शहाण्यासारखे शेजारी शेजारी बसायचो. ते सांगायचे, मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचे, आणि मग मोडेमने किंचाळून किंचाळून ते पत्र मस्कतला धाडायचं.

एका रविवारी त्यांनी सोसायटीच्या टाकीची हकीकत सांगायला घेतली. टाकीत कबुतर पडलं, सेक्रेटरी कसा पळाला, वगैरे. मी टाइप करता करता थांबले आणि पटकन बोलून गेले, की अहो बाबा, हे तर गेल्या रविवारी लिहिलंय की आपण, आणि त्याच्याही आधीच्या. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने परत आले आणि म्हणाले, जावक उघड. आम्ही मागची पत्रं काढली. दोन्हींत कबुतर होतं.

त्यानंतर मला एकेक लक्षात यायला लागलं. दुधाचे पैसे दोनदा द्यायचे. गिरणीच्या रस्त्यावर उभे राहून गिरणी कुठे आहे ते विचारायचे. नवऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं, कारण तो घरी असायचाच कधी? मी एकदा बाबांपाशीच विषय काढला, की तुम्हाला डॉक्टरकडे न्यायला हवं, मुलीलाही सांगायला हवं. तेव्हा बाबांनी माझा हात धरला. आमच्याकडे सासरे सुनेचा हात धरत नाहीत.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "एकदा कळलं ना, की ती माझ्याशी बोलायची नाही. माझ्याबद्दल बोलेल. तुझ्याशी बोलेल, त्याच्याशी बोलेल. मला नुसतं कसे आहात विचारेल."

मी कबूल केलं. आणि मग त्यांनी कचेरीतल्यासारखी पद्धतच बसवली. नवं पत्र सांगायच्या आधी मागची आवक वाचायची आणि मागची जावक वाचायची. नातवाचा दात पडला होता का, जावयाची बदली झाली का, आपण काय विचारलं होतं, तिने काय उत्तर दिलं, सगळं बघून घ्यायचं, मग तोंड उघडायचं. हळूहळू कॉम्प्युटर सुरू करून जुनी पत्रं उघडायला ते स्वतःच शिकले. रोज सकाळी चहा झाला की पेपर वाचावा तशी वाचायचे. नणंदेला पत्ता लागला नाही. उलट ती लिहायची, बाबा, तुमची मेमरी कसली शार्प आहे हो, माझ्या मुलाच्या टीचरचं नावसुद्धा तुम्हाला आठवतं. ते वाचताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की मला रडू यायचं आणि रागही यायचा. राग कोणाचा, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

तर अशी त्या पत्रांवर सगळी भिस्त. आणि त्यात जवळ आलं दोन हजार साल.

तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, एकतीस डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्याला जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार. माझ्या नवऱ्याला टेन्शन घ्यायला एरवीही कारण लागत नाही, आणि कारखान्यात तर त्याला या कामाच्या कमिटीवरच घेतलेलं. त्याने घरातला मिक्सरसुद्धा उलटा करून बघितला, त्यात तारीख आहे का म्हणून. मग त्याने जाहीर केलं, की आपला मेलचा प्रोग्राम जुना आहे, तो सालाचे दोनच आकडे लिहितो, एक जानेवारीला सगळ्या पत्रांचा चुथडा होईल. ऑफिसातून तो नव्या प्रोग्रामची सीडी घेऊन आला, टेबलावर ठेवली आणि मला म्हणाला, हे जरा हलवून टाक. हलवून टाक म्हणे! जशी काय कपाटातली भांडी.

बाबांनी ते ऐकलं आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. पत्रं हलवताना एखादं हरवलं तर, हा त्यांचा प्रश्न. नवऱ्याला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. मला खरं काय ते माहीत होतं, आणि माहीत असूनही सांगता येत नव्हतं. कचेरी मुंबईच्या एका इमारतीतून दुसरीकडे हलली तेव्हा कपाटंच्या कपाटं गहाळ झालेली त्यांनी बघितली होती. त्या कागदांवाचून लोकांच्या पेन्शनी अडल्या होत्या. ते मला पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले, आणि आधी सांगितलंय हे त्यांना आठवत नव्हतं.

बुधवारी दुपारी मी ते काम हातात घेतलं. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे. नव्या प्रोग्रामला जुना कुठे आहे ते दाखवलं, बटण दाबलं, निळी पट्टी सरकायला लागली. अर्ध्यावर येऊन ती थांबली. बाबा विचारत होते, गेलं का, आलं का, आणि मी एकदा खेकसलेच त्यांच्यावर, की जरा बसाल का खाली. ते बसले नाहीत. पट्टी परत सरकली, काम झालं म्हणाली. मी बघितलं तर आवक सगळी आली होती, आणि पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर रिकामा.

बाबांनी वाकून तो रिकामा पडदा बघितला आणि माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मी म्हटलं, थांबा, घाबरू नका, जुन्यात अजून आहे सगळं, मी काही पुसलेलं नाही. खरं म्हणजे जुन्यात आहे की नाही याची मलाच खात्री नव्हती. उघडून बघितलं, होतं. जुना प्रोग्राम जावक एका वेगळ्याच फाइलमध्ये ठेवायचा, आणि नव्याला ती वेगळी दाखवावी लागत होती. ते शोधेपर्यंत चहाची वेळ टळून गेली. शेवटी ती पत्रं एकेक करून आली. मी वरून खाली, खालून वर सगळी मोजून घेतली, बाबांनीही मोजली. एकही कमी नव्हतं.

फक्त तारखा बिघडल्या होत्या. नव्या प्रोग्रामने पत्र ज्या दिवशी त्याच्याकडे आलं तीच तारीख लावली होती. दोन वर्षांची पत्रं, आणि यादीत प्रत्येकापुढे बुधवार, बुधवार, बुधवार. मूळ तारीख पत्राच्या पोटात होती, पण ती बघायला मेनूत आत आत शिरावं लागत होतं. क्रमही पार विस्कटला होता. मी कपाळावर हात मारला. ज्या तारखांच्या भीतीने एवढा उपद्व्याप केला, नेमक्या त्याच गेल्या. बाबांना मी बसवून नीट सांगितलं, की यादीतल्या तारखेकडे बघू नका, ती खोटी आहे, संध्याकाळी हा आला की दुरुस्त करू. ते म्हणाले, बरं. संध्याकाळी नवरा आला, त्याने बघितलं, म्हणाला, रविवारी बघतो निवांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीत दळण घेऊन गेले. तिकडचे लाइट गेले होते, बसावं लागलं. परत आले तर दाराला बाहेरून कुलूप. बाबा एकटे खाली फिरायला जायचे, पण दुपारच्या उन्हात नाही. माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. कॉम्प्युटर चालूच होता. बाबांच्या खोलीत कपाट उघडं, इस्त्रीचा पांढरा शर्ट जागेवर नाही, बूट नाहीत. मी पडद्यासमोर येऊन उभी राहिले. नणंदेचं पत्र उघडलेलं होतं. "बाबा, उद्या दुपारच्या विमानाने येतेय. तुम्ही घ्यायला याल ना? बाहेर आल्यावर पहिले तुम्हीच दिसायला हवे."

पत्र होतं मागच्या वर्षीच्या मे महिन्यातलं. शेजारी तारीख होती बुधवारची. आणि आज गुरुवार.

दळणाची पिशवी तशीच टाकून मी खाली धावले. वॉचमन म्हणाला, बाबांना त्यानेच टॅक्सी आणून दिली, कधीचीच. मुलीला आणायला चाललोय म्हणत होते, खूश होते एकदम.

वर येऊन मी नवऱ्याला फोन लावायला घेतला. कारखान्याचा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवला. त्याला कळलं की आज रात्री मस्कतला कळणार. आणि नाही सांगितलं आणि बाबा सापडलेच नाहीत तर? पुन्हा रिसीव्हर उचलला, पुन्हा ठेवला. मुंबईच्या त्या गर्दीत एक म्हातारा माणूस, ज्याला गिरणीचा रस्ता सापडत नाही. शेवटी मी ठरवलं, आधी विमानतळ. तिथे नसले तर मग सगळ्यांना सगळं सांगायचं.

तळमजल्यावर टाइल्सचं दुकान असलेले एक शेजारी राहायचे, त्यांना आम्ही भाई म्हणायचो. मूळचे श्रीवर्धनकडचे मुसलमान, घरातले तिघं भाऊ गल्फमध्ये. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी त्यांची व्हॅन विमानतळाला जायचीच. ते नुकतेच जेवायला बसले होते. मी दारातून काय बोलले मला आठवत नाही, पण ते ताटावरून उठले, हात धुतले आणि किल्ली घेतली. त्यांच्या बायकोला मी सांगितलं, बाबा परत आले तर बसवून ठेव, कुठे जाऊ देऊ नकोस. ती म्हणाली, तुमी जा, मी दार लावतच नाही.

सायन-पनवेल रस्त्याला लागेपर्यंत मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. वाशीच्या टोलनाक्यावर गाडी अडकली आणि मला धीर धरवेना. मी सगळं सांगून टाकलं, कबुतर, जावक, बुधवार, सगळं. भाई म्हणाले, म्हातारी माणसं गर्दीत शिरत नाहीत भाभी, कडेला पंख्याखाली बसतात, आपण कडेकडेने बघू. खाडीचा पूल लागला. मी खिडकीतून प्रत्येक येणाऱ्या टॅक्सीत वाकून बघत होते. माझ्या ओढणीवर पीठ सांडलेलं होतं ते मला तेव्हा दिसलं.

आणि मला तो मे महिना आठवला. नणंद आली तेव्हा आम्ही बाबांना नेलंच नव्हतं. तेही असेच शर्ट घालून, बूट घालून तयार होऊन बसलेले. पण नवरा म्हणाला, ऊन आहे, गर्दी आहे, आणि येताना सामान असेल, गाडीत जागा कुठे? मी भांडले होते. म्हटलं, मी राहते घरी, त्यांना ने. तर म्हणे, त्यांना उभं राहवणार नाही दोन दोन तास. बाबाच शेवटी म्हणाले, जाऊ दे, मी इथेच थांबतो. नणंद बाहेर आली ती मान उंच करून इकडे तिकडे बघत होती. तिने विचारलं, बाबा कुठायत? आणि माझ्या नवऱ्याने सामानाची ट्रॉली ढकलायला घेतली. आता मानखुर्दच्या सिग्नलला गाडी थांबलेली असताना मला त्याचा इतका संताप आला, की तो समोर असता तर काही खरं नव्हतं.

विमानतळावर भाईंनी व्हॅन कशीबशी लावली आणि आम्ही सुटलो. कडेला बघितलं, पंख्याखाली बघितलं, चहाच्या स्टॉलपाशी बघितलं. पांढरे शर्ट कितीतरी. एकदा एका परक्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर मी हात ठेवला. तो दचकला, मी माफी मागितली आणि मला हुंदकाच आला. भाई म्हणाले, तुमी इथे थांबा, मी आत पोलिसांना विचारतो. मी थांबले नाही. लोखंडी कठड्याला लागून माणसांची भिंतच उभी होती, तिच्यातून मी घुसले. लोक ओरडले. ओरडू देत.

सगळ्यात पुढे, कठड्याला धरून, बाबा उभे होते.

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग परत समोरच्या काचेच्या दाराकडे. पाय दुखत असणार, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होते. म्हणाले, मस्कतचं विमान कधीच उतरलं, बोर्डावर बघितलं त्यांनी. माणसं आली, सामान घेऊन गेली, ती त्यात नव्हती. एका हवालदाराला विचारलं, त्यानेही आत जाऊन बघितलं. मी त्यांचं कोपर धरलं.

"ती येऊन गेलीय ना?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं माझ्या मनात आलं. विमान उद्या आहे म्हणावं, काहीही म्हणावं. पण ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, तिच्यापुढे मला ते जमलं नाही.

"हो बाबा. मागच्या वर्षी मेमध्ये."

"मी आलो होतो घ्यायला?"

"नाही. तुम्ही तयार झाला होतात. आम्हीच आणलं नाही तुम्हाला. गाडीत जागा नाही म्हणालो."

कुठलं तरी दुसरं विमान उतरलं असावं, मागून धक्के यायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मग बाबा म्हणाले, "मग बरं झालं, आज आलो ते."

व्हॅनमध्ये ते पुढे भाईंच्या शेजारी बसले, मी मागे. भाईंनी त्यांना एक अक्षर विचारलं नाही, आपल्या भावांची विमानं किती किती लेट झाली त्याच्याच गोष्टी सांगत राहिले. बाबा हूं हूं करत होते. पूल ओलांडल्यावर ते मागे वळले. म्हणाले, घरी गेलो की तिला पत्र लिहू. मी म्हटलं, आज गुरुवार आहे बाबा, रविवारी लिहू. ते म्हणाले, नाही, आजच, तोवर माझ्या डोक्यातून जाईल.

"काय लिहायचं?"

"लिही, की आज मी तुला घ्यायला आलो होतो."

मी समजावलं, की असं लिहिलं तर तिला सगळं कळेल. इतके दिवस आपण जे लपवलं ते सगळंच कळेल.

"कळू दे," ते म्हणाले. "उभा होतो, तेही कळेल."

ते पत्र आम्ही त्या संध्याकाळी पाठवलं. एवढ्या एकाच ओळीचं. मागची जावक न वाचता पाठवलेलं पहिलंच. नवरा घरी आल्यावर त्यालाही मी सगळं सांगितलं. तो बाबांच्या खोलीच्या दारात जाऊन बराच वेळ उभा राहिला. बाबा तेव्हा झोपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. शुक्रवार, मस्कतला सुट्टी. मी उचलला, पलीकडे नणंद होती. मला वाटलं, आता विचारेल, कधीपासून, डॉक्टर काय म्हणाले, मला का नाही सांगितलंत. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, "वहिनी, बाबांना दे."

बाबा चहा पीत होते. त्यांनी रिसीव्हर घेतला, ऐकलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कालचं काही त्यांच्या डोक्यात उरलं नव्हतं, ते मला तिथूनच दिसलं. रिसीव्हर कानाला धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं, रविवारी जावक उघडायच्या आधी बघायचे तसं. मी मान हलवून हो म्हटलं.

"हो," ते फोनमध्ये म्हणाले. "आलो होतो की. सगळ्यात पुढे उभा होतो."